नागपुरात फिरताना रोजच्या जाण्यायेण्याचा खर्च कसा बसवाल?

नागपूरला चार-पाच दिवसांसाठी येणारी माणसं रेल्वेचं तिकीट आणि खोलीचं भाडं यांचा हिशेब चोख करून येतात. शहरातल्या फिरण्याचं मात्र "गेल्यावर बघू" म्हणतात, आणि पैसा नेमका तिथेच गळतो. आईच्या उपचारांसाठी यवतमाळकडून माझं इथे येणं-जाणं सुरू झालं, पुढे नोकरीही इथेच लागली. आता गावाकडून कोणी यायचं म्हटलं की फोन मला येतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, रोजचे किती धरून चालू?" त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. दवाखाना, परीक्षा, कोर्टाची तारीख किंवा नुसतं शहर बघणं, कारण काहीही असो, हिशेबाची पद्धत तीच.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नागपुरात लांबचा पल्ला स्वस्तात होतो. खरा पैसा लागतो तो मेट्रोच्या जिन्यापासून तुमच्या ठिकाणापर्यंतच्या दीड-दोन किलोमीटरला. मी त्याला 'टोक' म्हणतो. दिवसातून अशी किती टोकं पडणार ते मोजलं की बजेट जवळजवळ तयार झालं.

१. शहराचा नकाशा आधी डोक्यात बसवा

मध्यभागी सीताबर्डी. बोलताना सगळे नुसतं बर्डी म्हणतात. तिथून दक्षिणेला वर्धा रोड जातो, उत्तरेला कामठी रोड, पूर्वेला सेंट्रल अव्हेन्यू आणि तोच पुढे भंडारा रोड, तर पश्चिमेला हिंगण्याची बाजू. मेट्रोच्या दोन लाइनी साधारण याच चार दिशांनी धावतात. ऑरेंज लाइन खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, ॲक्वा लाइन लोकमान्य नगर ते प्रजापती नगर. दोन्ही बर्डीला भेटतात, गाडी तिथेच बदलायची. २०१९ मध्ये सुरू झालेली ही मेट्रो ११ डिसेंबर २०२२ पासून चारही दिशांना पूर्ण धावते.

म्हणजे चार रेषांवरची ठिकाणं सोपी आणि त्यांच्या मधले कोपरे खर्चिक. कोपरे कोणते? उमरेड रोड, मानेवाडा आणि बेसाची बाजू. काटोल रोड, गोरेवाडा आणि कोराडी रोड. अमरावती रोडवरून वाडीकडचा भाग. महाल, फुटाळा तलाव आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना, ज्याला सगळे 'मेडिकल' म्हणतात, हेही स्टेशनच्या दाराशी नाहीत.

आता वहीचं एक पान घ्या. जायच्या ठिकाणांची यादी करा आणि प्रत्येकासमोर 'रेषेवर' किंवा 'कोपऱ्यात' असं लिहा. झिरो माइल, अजब बंगला, कस्तुरचंद पार्क, बर्डीचा बाजार, दोसर वैश्य चौकाजवळचं मेयो हॉस्पिटल, धरमपेठ, अंबाझरी ही रेषेवरची. दीक्षाभूमीला रहाटे कॉलनी स्टेशनवरून ऑटोचं एक छोटं टोक लागतं. एम्स मिहानमध्ये आहे. खापरीपर्यंत मेट्रो आणि पुढे ऑटो किंवा बस. हायकोर्टाचं काम असेल तर झिरो माइल किंवा कस्तुरचंद पार्कला उतरून सिव्हिल लाइन्समध्ये थोडं आत जावं लागतं. हे पान झाल्याशिवाय खोली बुक करू नका.

२. मुक्काम: खोलीचं भाडं एकटं पाहू नका

स्वस्त लॉज गणेशपेठ, रेल्वे स्टेशन आणि सेंट्रल अव्हेन्यूच्या आसपास बरेच आहेत. बर्डी, रामदासपेठ आणि धरमपेठ त्या मानाने महाग. आणि लांबच्या वस्तीत, कोणाच्या ओळखीतून, आणखी स्वस्त खोली मिळते. मोह तिथेच होतो.

हिशेब असा करा: खोलीचं एका दिवसाचं भाडं, अधिक तिथून मेट्रोपर्यंत जायचं आणि रात्री परत यायचं टोक. समजा बेसाकडे खोली रोज ३०० रुपयांनी स्वस्त पडते, पण सकाळ-संध्याकाळच्या ऑटोला मिळून ३०० ते ४०० जातात. मग बचत कुठे राहिली? वर तासभर रस्त्यात जातो तो वेगळा. रुग्ण सोबत असेल तर हा तासच सगळ्यात जास्त अंगावर येतो.

माझा सल्ला स्पष्ट आहे. काम दोन दिशांना असेल तर बर्डीच्या आसपास राहा, कारण तिथून दोन्ही लाइनी चालत गाठता येतात. काम एकाच ठिकाणी असेल, जसं एम्सचा उपचार, तर त्याच लाइनवर राहा. खोली घेताना मालकाला नेमकं विचारा: "मेट्रो स्टेशन चालत किती मिनिटं?" 'जवळच आहे' हे उत्तर धरू नका. स्टेशनचं नाव सांगायला लावा आणि फोनच्या नकाशावर चालण्याचा रस्ता बघा.

३. उतरल्यानंतरचा पहिला तास

शहरात पाय ठेवताच माणूस थकलेला असतो, हातात सामान असतं आणि दर माहीत नसतो. सहलीतला सगळ्यात महाग ऑटो बहुधा हाच ठरतो. म्हणून पहिल्या तासाचं गणित घरूनच करून या.

तिकिटावर नागपूर लिहिलंय, अजनी की इतवारी, हे आधी वाचा. तिन्ही वेगळी स्टेशनं आहेत. मुख्य नागपूर स्टेशनला दोन बाजू आहेत: पश्चिमेला जुनी दगडी इमारत आणि पूर्वेला संत्रा मार्केट. मेट्रोचं स्टेशन पूर्वेकडे, संत्रा मार्केटच्या बाजूला आहे. मेट्रोनेच जायचं असेल तर पादचारी पुलावरून त्या बाजूला उतरा. पश्चिमेला बाहेर पडलात की ऑटोवाले घेरतात आणि पूल पुन्हा चढायचा कंटाळा येतो.

एसटीने येणारे गणेशपेठच्या मध्यवर्ती बसस्थानकात उतरतात. तिथून कॉटन मार्केट हे मेट्रो स्टेशन जवळ पडतं. खासगी ट्रॅव्हल्सवाले कुठे सोडणार ते बुकिंग करतानाच विचारून घ्या. पहाटे अंधारात भलत्याच चौकात उतरवलं तर मागतील ते भाडं द्यावं लागतं.

विमानतळ सोनेगावला, बर्डीपासून साधारण ८ किलोमीटरवर. इथे एक गफलत नेहमी होते. ऑरेंज लाइनवर एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ आणि न्यू एअरपोर्ट अशी तीन स्टेशनं आहेत. टर्मिनलसाठी 'एअरपोर्ट' हेच स्टेशन. तेही वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. मधल्या अंतरासाठी वाहन धरूनच हिशेब करा. एकटे आणि हलकं सामान असेल तर मेट्रो परवडते. चौघं आणि चार बॅगा असतील तर सरळ टॅक्सी बरी.

४. मेट्रो: हिशेबाचा पक्का भाग

तिकीट १० रुपयांपासून सुरू होतं आणि लांबच्या टोकापर्यंत गेलं तरी एका माणसाचे ५० रुपये होत नाहीत. गाड्या पहाटे ६ च्या सुमारास सुरू होतात आणि रात्री १० पर्यंत चालतात. नेमकी शेवटची गाडी तुमच्या स्टेशनवरून केव्हा सुटते ते पहिल्याच दिवशी काउंटरवर विचारा आणि वहीत लिहा. संध्याकाळचं फिरणं लांबलं आणि ती गाडी हुकली की तेच अंतर कित्येक पट भाड्यात पडतं.

तिकीट काउंटरवर मिळतं, मोबाइलवरही काढता येतं. वारंवार फिरणाऱ्यांसाठी महाकार्ड आहे, त्यावर भाड्यात सवलत मिळते. विद्यार्थ्यांसाठी वेगळी सवलत आहे. त्यासाठी कॉलेजचं ओळखपत्र जवळ हवं. दिवसभर कितीही वेळा बसता येईल असा एका दिवसाचा पासही मिळतो. पास घ्यायचा की सुटं तिकीट, याचं गणित सोपं आहे: आज किती वेळा बसणार ते मोजा, प्रत्येक तिकिटाचे पैसे मांडा आणि बेरीज पासच्या वर जाते का बघा. बर्डी ते खापरी जाऊन परत यायचं एवढंच असेल तर पास लागत नाही. दोन्ही लाइनींवर दिवसभर चढ-उतर करणार असाल तर लागतो. सवलती बदलत असतात, म्हणून पहिल्या दिवशी काउंटरवरच्या माणसाला सरळ विचारा: "आज कोणती सवलत चालू आहे?"

सायकल मेट्रोत नेता येते, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. परीक्षेसाठी महिनाभर राहणाऱ्या मुलांना मी जुनी सायकल घ्यायला सांगतो. दोन्ही टोकांचा खर्च तिथेच संपतो.

५. आपली बस

महापालिकेची 'आपली बस' ही सगळ्यात स्वस्त, आणि कोपऱ्यातल्या वस्त्यांना तीच पोहोचते. बर्डीला मोर भवन हे तिचं मोठं स्थानक. कोराडी, कामठी, हिंगणा, बुटीबोरीकडे जाणाऱ्या बस इथून मिळतात.

पैशाने स्वस्त असली तरी वेळेला बस बांधील नाही. दवाखान्याची वेळ किंवा परीक्षेचा पेपर असेल तर जाताना मेट्रो किंवा ऑटो, परतताना बस, अशी वाटणी करा. सुट्टे पैसे ठेवा, सकाळी सकाळी कंडक्टरकडे चिल्लर नसते.

आणि एक गैरसमज दूर करतो. महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत १७ मार्च २०२३ पासून मिळते ती एसटी महामंडळाच्या बसमध्ये. गणेशपेठला सुटणारी एसटी वेगळी आणि मोर भवनला सुटणारी शहर बस वेगळी. एसटीची सवलत शहर बसमध्येही असेलच असं धरून बजेट करू नका.

६. ऑटो: बजेट इथेच बसतं किंवा इथेच मोडतं

नागपुरात ऑटो मीटरने क्वचितच जातो. भाडं बोलून ठरतं. बोलायचं कसं, हे शिकून घ्या.

पहिलं, ऑटो दोन प्रकारे चालतो. सीटवर, म्हणजे ठरलेल्या रस्त्यावर सवाऱ्या भरत जाणारा, आणि स्पेशल, म्हणजे फक्त तुमच्यासाठी. मोठ्या रस्त्यांवर सीटचे ऑटो आणि ई-रिक्षा मिळतात, आणि एकट्या माणसाला ते फार परवडतात. गडबड होते ती न विचारता बसल्याने. तुम्ही सीट समजून बसता, तो स्पेशल समजून नेतो, आणि उतरल्यावर वाद होतो. म्हणून बसण्याआधी म्हणा, "भाऊ, सीटवर चाललात का?"

दुसरं, भाडं सगळ्यांचं मिळून ठरवा. "पन्नास" म्हणजे एकाचे पन्नास की तिघांचे, हे स्पष्ट करून घ्या. "तिघांचे मिळून, सामानासकट, दवाखान्याच्या गेटपर्यंत किती?" एवढं एक वाक्य पाठ करा. यात माणसं, सामान आणि नेमकं ठिकाण तिन्ही येतं. 'गेटपर्यंत' हा शब्द सोडू नका, कारण मेडिकल आणि एम्सचा परिसर मोठा आहे आणि चौकात उतरवलं तर आत रुग्णाला चालत न्यावं लागतं.

तिसरं, दराचा अंदाज आधी घ्या. मी तीन गोष्टी करतो. फोनवर ओला किंवा उबर उघडून त्या अंतराचं भाडं बघतो, गाडी बुक करायची नसली तरी. लॉजच्या काउंटरवर किंवा चहाच्या टपरीवर विचारतो, "इथून दीक्षाभूमीचे किती घेतात?" आणि स्टेशनच्या अगदी तोंडाशी उभ्या असलेल्या ऑटोऐवजी शे-दोनशे पावलं पुढे जाऊन रस्त्यावरचा चालता ऑटो थांबवतो. यातल्या दोन गोष्टी केल्या तरी भाव लक्षात येतो. भाव ठीक वाटला की घासाघीस थांबवा. भर उन्हात दिवसभर ऑटो चालवणाऱ्या माणसाकडून दहा रुपये सोडवून घेण्यात काही मोठेपणा नाही, आणि चांगलं बोललात तर तोच माणूस चार दिवस उपयोगी पडतो.

ॲपच्या गाड्यांचं वेगळं. पाऊस आला, ऑफिस सुटलं, गाडीची वेळ झाली की भाडं चढतं. ड्रायव्हर फोन करून "कुठे जायचं, रोख देणार का?" विचारतो आणि कधी फेरी रद्दही करतो. वेळेचं काम असेल तर अर्धा तास आधी बुकिंगला लागा.

वहीत मांडताना मी असे आकडे धरतो: दोन किलोमीटरपर्यंतचं टोक ६० रुपये, पाचेक किलोमीटर १२० रुपये, आठ-दहा किलोमीटर २५०. हे सरकारी दर नव्हेत. बजेट करायला जरा वरचे धरलेले माझे अंदाज आहेत. तुम्ही आल्यावर पहिल्या दिवसाचे खरे आकडे घालून हे बदला.

आणि माणसं किती, यावर निवड ठरते. मेट्रोचं तिकीट माणशी लागतं, ऑटोचं भाडं गाडीचं असतं. चार किलोमीटरचं अंतर घ्या, मेट्रोचे माणशी १५ आणि शेवटी ६० चं एक टोक धरा. एकट्याचे ७५ होतात आणि टोक चालून गेला तर फक्त १५. तिघांचे मात्र १०५ होतात, आणि सरळ ऑटो १०० ते १२० मध्ये दारात सोडतो. तेव्हा तिघं-चौघं असतील तर छोट्या अंतराला सरळ ऑटो करा. लांबच्या अंतराला मात्र चौघांनाही मेट्रोच परवडते.

७. दिवसाचं पान कसं मांडायचं

प्रत्येक दिवसासाठी एक पान आणि त्यावर तीन खाने: पक्का खर्च (मेट्रो, बस), टोकं (ऑटो) आणि अडचण. पहिल्या दोन खान्यांची बेरीज करून तिचा चौथा हिस्सा अडचणीच्या खान्यात टाका. मुक्काम बर्डीला आणि माणसं दोन, असं धरून तीन दिवस मांडून दाखवतो.

रेषेवरचा दिवस. सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे, मग झिरो माइलचा स्तंभ आणि अजब बंगला, हे सगळं चालत. अजब बंगला म्हणजे १८६३ मधलं मध्यवर्ती संग्रहालय. ते सोमवारी बंद असतं, म्हणून वार बघून आखा. दुपारी मेट्रोने कडबी चौक, तिथून मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय, परत बर्डी. मेट्रोचे दोघांचे जाऊन-येऊन ६० धरा, एका टोकाचे ६०, अडचणीचे ३०. एकूण १५० रुपये.

कोपऱ्यातला दिवस. बर्डीहून मेट्रोने रहाटे कॉलनी, दोघांचे ३०. तिथून दीक्षाभूमी ६०. दीक्षाभूमीहून अंबाझरी १००, अंबाझरीहून फुटाळा ८०, संध्याकाळी फुटाळ्याहून बर्डी १५०. बेरीज ४२०, अडचणीचे १०५, एकूण ५२५ रुपये.

एम्सचा दिवस. बर्डी ते खापरी मेट्रो, दोघांचे जाऊन-येऊन १२०. खापरी ते एम्स दोन्ही वेळचे मिळून २००. अडचणीचे ८०. एकूण ४०० रुपये.

तिन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. खापरी हे लाइनीचं शेवटचं टोक, तरी तो दिवस फुटाळ्याच्या दिवसापेक्षा स्वस्त पडला. दुसऱ्या दिवशी अंतर कमी होतं, पण ऑटोत चारदा बसावं लागलं. म्हणून बजेट कमी करायचं तर ठिकाणं गाळू नका, क्रम बदला. अंबाझरी सकाळी मेट्रोने सुभाष नगर किंवा धरमपेठ कॉलेज स्टेशनवरून करा आणि दीक्षाभूमी दुसऱ्या दिवशी वर्धा रोडच्या कामाला जोडा; दोन ऑटो वाचतात.

दवाखान्याच्या दिवसाबद्दल एक जास्तीची सूचना. तिथे एका फेरीत काम क्वचितच संपतं. रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, एखादं औषध बाहेरून आणायला सांगतात, डबा पोहोचवावा लागतो. रुग्ण भरती असेल तर त्या दिवसाचा प्रवास खर्च सरळ दुप्पट धरा. आईच्या वेळी माझ्या वहीत प्रवासाचा आकडा सर्वात जास्त याच फेऱ्यांनी वाढलेला असायचा.

८. तारखा आणि ऋतू बघून आकडा वाढवा

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. एप्रिल-मेमध्ये सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात एक किलोमीटर चालायचं म्हणून टोक वाचवू नका. वरची तिन्ही गणितं थंडीच्या दिवसांतली आहेत. उन्हाळ्यात चालण्याच्या जागी ऑटो लिहा आणि पाणी, ताक, उसाचा रस यांचे माणशी पन्नास-साठ रुपये वेगळे ठेवा. डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडू नका.

डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. १९५३ च्या नागपूर करारातून आलेली ही परंपरा. त्या काळात सिव्हिल लाइन्स आणि बर्डीच्या बाजूला मोर्चे निघतात, रस्ते वळवले जातात, चांगल्या खोल्या आधीच भरतात. कोर्टाचं किंवा सरकारी काम त्याच दिवसांत असेल तर खोली लवकर धरा आणि झिरो माइलच्या आसपास ऑटोऐवजी मेट्रो वापरा.

दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून लाखो लोक दीक्षाभूमीला येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली, त्या स्मरणाचा हा मोठा दिवस. त्यासाठीच येत असाल तर परिसरात वाहन जाणार नाही असं धरून चालायची तयारी ठेवा. त्यासाठी येत नसाल तर त्या तीन-चार दिवसांत दुसरं काम ठेवू नका. तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा इतवारी आणि महालच्या बाजूला ऑटो शिरू शकत नाही. बघायलाच जायचं असेल तर अग्रसेन चौकापर्यंत मेट्रो आणि पुढे पायी.

९. शहराबाहेरचा एखादा दिवस

रामटेक साधारण ५० किलोमीटरवर. गणेशपेठहून एसटी मिळते. इथे एसटीच्या सवलती कामाला येतात: महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ च्या वर मोफत. ज्येष्ठांनी वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवावं. तिथेही टोक विसरू नका. बसस्थानकावरून गडमंदिरापर्यंत ऑटो लागतो आणि चढ मोठा आहे. छिंदवाडा किंवा शिवनीकडे एसटीने जात असाल तर सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच मिळते, पुढचं पूर्ण तिकीट धरा.

सेवाग्रामला रेल्वेने जाणारे एक गृहीत धरतात की सेवाग्राम स्टेशनला उतरलं की आश्रम समोर. तसं नाही. स्टेशनवरून आश्रमापर्यंत काही किलोमीटर आहेत. जाण्याचा आणि परतीचा ऑटो मांडा, आणि जमलं तर तोच ऑटो थांबवून पवनार धरून एकत्र भाडं ठरवा.

पेंचचा हिशेब या वहीत बसत नाही. तिथे जिप्सी, गाईड आणि प्रवेशशुल्क हाच मोठा खर्च असतो. तो वेगळ्या पानावर मांडा.

१०. खाण्याचे पैसे प्रवासात मिसळू नका

थोडक्यात सांगतो. सावजी जेवायला किंवा संत्रा बर्फी घ्यायला शहराच्या दुसऱ्या टोकाला खास ऑटो करून जाणं हा खाण्यापेक्षा महाग शौक ठरतो. ज्या भागात काम आहे तिथेच खा. तर्री पोहे जवळजवळ प्रत्येक चौकात मिळतात.

११. सोबत काय हवं

आधार कार्ड आणि त्याची एक झेरॉक्स. विद्यार्थी असाल तर चालू वर्षाचं ओळखपत्र. दवाखान्याचे जुने कागद एका फायलीत, कारण कागद विसरले की एक पूर्ण फेरी वाया जाते. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा मिळून तीन-चारशे रुपये सुट्टे. यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं, पण नेटवर्क गेलं की ऑटोवाल्यापुढे खोळंबा होतो. म्हणून दिवसाचा प्रवास खर्च रोखीत जवळ असावा, आणि अडचणीच्या खान्यातले पैसे वेगळ्या खिशात. फोनवर शहराचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. पाण्याची बाटली, दुपट्टा, छोटी वही. लॉजचं नाव, पत्ता आणि जवळचं मेट्रो स्टेशन एका चिठ्ठीवर लिहून सोबतच्या वयस्कर माणसाच्या खिशात ठेवा.

वहीत रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं घाला. आज टोकं किती पडली आणि खरे पैसे किती गेले ते लिहा. दुसऱ्या दिवसापासून तुमचा अंदाज माझ्यापेक्षा बरोबर येईल.

१२. परतीचा दिवस

परतीचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आलात तर संत्री घेतल्याशिवाय कोणी जात नाही, आणि पेटी घेतली की मेट्रोचा जिना चढणं जड जातं. त्या दिवशी ऑटोच लिहा. संध्याकाळची गाडी असेल तर दोन तास आधी निघा, कारण ऑफिस सुटण्याच्या वेळी बर्डीच्या आसपास वाहनं अडकतात. गाडी पहाटेची असेल तर मेट्रो तेव्हा सुरू झालेली नसते. चार दिवसांत ज्या ऑटोवाल्याशी जमलं असेल त्याचा नंबर घेऊन ठेवा, आदल्या संध्याकाळी फोन करून वेळ आणि भाडं पक्कं करा, आणि कोणत्या बाजूला उतरायचं, जुन्या इमारतीकडे की संत्रा मार्केटकडे, तेही तेव्हाच सांगा.